लसीच्या इजेचा दावा: ‘लसीमुळे झालं हे आम्हाला मान्य नाही’ असं लिहिलेल्या तडजोडीवर सही करावी का?

सांजवात
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहिते क्वचित. आज विचारावंसं वाटलं, कारण घरात या एकाच विषयावर बोलून बोलून आम्ही दोघंही थकलोय.

साडेतीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, इथे अमेरिकेत एका फार्मसीत फ्लूची लस घेतली. मी खुर्चीत, लस देणारी व्यक्ती उभी. बाही वर सरकेना म्हणून मी टॉप गळ्याकडून खांद्याखाली ओढला. सुई दंडात न जाता खांद्याच्या टोकाला, हाडालगत गेली. त्या रात्री डाव्या कुशीवर झोपता येईना. आठवड्यात जाईल, पंधरवड्यात जाईल, असं म्हणत वेदनाशामक गोळ्या घेत राहिले. अडीच महिन्यांनी डॉक्टरकडे गेले तेव्हा हात बाजूने नव्वद अंशांच्या वर जात नव्हता. मग एमआरआय, स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं, नऊ महिने फिजिओथेरपी. अजूनही गाडीत बसल्यावर सीटबेल्ट उजव्या हाताने ओढून घ्यावा लागतो आणि वेणी मुलगी घालून देते.

व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅममध्ये (लसीमुळे झालेल्या इजेसाठीची इथली सरकारी भरपाई योजना) वकिलांमार्फत अर्ज केला. सरकारी बाजू म्हणते, दुखणं ४८ तासांत सुरू झालं याची नोंद दाखवा. पहिल्या भेटीच्या कागदावर ‘काही आठवड्यांपासून खांदा दुखतो’ एवढंच लिहिलंय.

आता तडजोडीचा प्रस्ताव आलाय. आकडा इथे लिहीत नाही, आमच्या मागणीच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. पैशाचं एक वेळ चालेल. मसुद्यात मात्र सरळ लिहिलंय की लसीमुळे इजा झाली हे प्रतिवादी नाकारतात. पैसे देताय आणि वर नाकारताय? तीन वर्षं मी काय खोटं बोलत होते? सही करावी की निकाल मागावा? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

मोरपंखी
वाचून वाईट वाटलं गं. अनुभव नाही, पण धागा वाचते आहे.

कोकणकडा
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुम्ही तर चढून वरपर्यंत पोचलात. मिळतंय ते घ्या आणि मोकळ्या व्हा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

आडवाट
कोकणकडा, इतकं सोपं नसतं. मी नेमक्या याच वळणावर प्रस्ताव नाकारला होता, सविस्तर लिहिते.

माझाही खांदाच, टिटॅनसची लस. कागदपत्रांत माझीही पहिली भेट उशिराची. प्रस्ताव आला, मी नाही म्हटलं. त्यानंतर निकाल यायला जवळजवळ दोन वर्षं गेली. सुनावणीसाठी वॉशिंग्टनला जावं लागलं नाही, कागदांवरच निर्णय झाला. स्पेशल मास्टरने, म्हणजे या दाव्यांचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, दुखणं ४८ तासांत सुरू झालं हे मान्य केलं आणि रक्कम प्रस्तावापेक्षा बरी मिळाली, पण दोन वर्षांच्या ताणाला पुरेल इतकी नाही.

तरी मला पस्तावा नाही. निकालपत्रात एक परिच्छेद आहे, त्यात माझं प्रतिज्ञापत्र विश्वासार्ह आहे असं लिहिलंय. तो मी आईला फोनवर मराठीत करून वाचून दाखवला. तुम्हाला ते वाक्य टोचतंय, त्याचा अर्थ मला पुरता कळतो.

वादी_प्रतिवादी
वकील आहे, या कोर्टात काही प्रकरणं हाताळली आहेत. सांजवात, तुमच्या वकिलांच्या सल्ल्याला हा पर्याय नाही, फक्त चित्र स्पष्ट व्हावं म्हणून लिहितो.

या योजनेत पैसे मिळायचे तीन मार्ग आहेत. पहिला, आरोग्य खातं दावा मान्य करतं आणि मग फक्त रकमेचा प्रश्न उरतो. दुसरा, स्पेशल मास्टर निकाल देतात. तिसरा तुमच्यापुढे आहे तो: दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर ठाम राहून मध्येच हातमिळवणी करतात. आजवर ज्यांना भरपाई मिळाली त्यांपैकी सुमारे ६० टक्के या तिसऱ्या मार्गाने आलेत. म्हणजे ते ‘नाकारतात’ हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम घातलेलं नाही. मसुद्याचा साचाच तसा आहे. तुम्ही खोटं बोललात असा त्याचा अर्थ निघत नाही. निकाल न लावता प्रकरण मिटवतोय, एवढंच ते वाक्य म्हणतं.

अर्थात याची दुसरी बाजूही खरी: सरकारने कबुली दिली असंही त्यातून निघत नाही.

रोखठोक
पैसे देतात म्हणजे कबुलीच आहे हो. चूक नसेल तर कोण खिशात हात घालतं? म्हणून मी घरात कुणाला लस घेऊ देत नाही.

स्टेथोस्कोप
रोखठोक, थोडं थांबा. सांजवातच्या बाबतीत काय झालं असावं ते डॉक्टर म्हणून सांगतो. दंडाचा डेल्टॉइड स्नायू हे लस टोचायचं ठिकाण. खांद्याच्या वरचं हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली सुई जायला हवी. त्याहून वर टोचली तर औषध स्नायूऐवजी सांध्याजवळच्या बर्साच्या पिशवीत जाऊ शकतं, तिथे दाह होतो आणि खांदा आखडतो. हा दोष टोचण्याच्या जागेचा आहे, लसीतल्या द्रव्याचा नाही. गळ्याकडून कपडा ओढला की नेमका वरचाच भाग उघडा पडतो. म्हणून बाही पूर्ण वर जात नसेल तर हात बाहेर काढावा, आणि टोचणाऱ्यानेही बसूनच टोचावं. एवढं पाळलं तरी असे कितीतरी खांदे वाचतील.

आणि प्रमाण बघा. अमेरिकेत वाटल्या गेलेल्या दर दहा लाख डोसांमागे साधारण एका व्यक्तीला या योजनेतून भरपाई मिळालेली आहे. ज्याला इजा झाली त्याच्यासाठी ती शंभर टक्केच असते, ते दुःख मी कमी लेखत नाही. पण त्यावरून ‘घरात कुणीच लस घेऊ नये’ हे निघत नाही.

रोखठोक
मग त्या फार्मसीवर केस का नाही? चूक तिची, पैसे सरकारचे?

वादी_प्रतिवादी
कायदाच तसा आहे. १९८० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवरून उत्पादकांवर इतके दावे पडले की काहींनी लस बनवणंच थांबवलं आणि तुटवडा होऊ लागला. त्यातून १९८६ चा कायदा आला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून ही योजना सुरू झाली. योजनेत येणाऱ्या लसीबद्दल उत्पादकावर किंवा टोचणाऱ्यावर थेट दावा लावता येत नाही, आधी इथे यावं लागतं. कुणाची चूक होती हे इथे सिद्ध करावं लागत नाही, ही अर्जदाराची सोय. पैसे येतात ते प्रत्येक डोसवरच्या करातून: एका रोगामागे ७५ सेंट. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेला या तिहेरी लसीवर सव्वादोन डॉलर.

निकाल मान्य नसेल तर तो नाकारून नेहमीच्या कोर्टात जायची वाट नंतर उघडते, पण तिथे चूक सिद्ध करावी लागते. खांद्याच्या प्रकरणात त्या वाटेला जाणारे मला भेटलेले नाहीत.

टिपूर
वेगळी बाजू. आमच्या मुलाला सोळाव्या वर्षी फ्लूच्या लसीनंतर अठराव्या दिवशी पायांत मुंग्या यायला लागल्या. चौथ्या दिवशी जिना चढेना. गिया-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. तेवीस दिवस इस्पितळात होता.

२०१७ च्या मार्चपासून फ्लूची लस आणि गिया-बारे ही जोडी योजनेच्या तक्त्यात आहे (कुठल्या लसीनंतर किती काळात कुठला त्रास सुरू झाला तर तो लसीमुळे धरायचा, त्याची यादी), मुदत ३ ते ४२ दिवस. अठरावा दिवस त्यात बसत होता, इतर कारणं तपासण्यांनी बाद झाली होती, त्यामुळे खात्याने दावा मान्य केला. भांडण फक्त रकमेचं उरलं. पण सांजवात, ‘फक्त’ म्हणताना मला धाप लागते. पुढची पन्नास वर्षं त्याला काय काय लागेल याची यादी करायची होती. लाइफ केअर प्लॅनर बाई घरी आल्या, त्यांच्यासोबत सरकारी बाजूच्या प्लॅनरही. दोघींनी बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजली, पायऱ्या मोजल्या, पायातला ब्रेस किती वर्षांनी बदलावा लागतो ते विचारलं. मुलगा कॉटवर बसून सगळं ऐकत होता. मध्येच म्हणाला, “मी चाळिशीचा होईन तेव्हाचाही ब्रेस लिहून घ्या.”

काही रक्कम एकदम मिळाली, बाकी त्याच्या नावे अॅन्युइटी, दरवर्षी येते. तो सज्ञान नव्हता म्हणून स्थानिक कोर्टातून पालकत्वाचे कागदही करावे लागले. एवढंच सांगेन की एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. पुढे लागणारा खर्च आत्ता यादीत नसेल तर तो नंतर तुमच्या खिशातून. तुमच्या खांद्याची शस्त्रक्रिया होणार की नाही, हे सर्जनकडून लेखी घेतलंय का?

सांजवात
टिपूर, काय बोलू. मुलाला खूप शुभेच्छा. सर्जन म्हणाले सध्या गरज नाही, पुढचं सांगता येत नाही. हे लेखी घेण्याचं मला सुचलंच नव्हतं.

मोरपंखी
टिपूर, मुलाचं ते वाक्य वाचून डोळे भरून आले.

बर्फाळ_सकाळ
मी इंग्लंडात असतो, तिथलं सांगतो. इथे १९७९ च्या कायद्याची योजना आहे. त्यात घासाघीस नाहीच. इजेमुळे ६० टक्के अपंगत्व आलंय असं ठरलं तर ठरावीक १ लाख २० हजार पौंड, नाही ठरलं तर शून्य. २००७ पासून रक्कम तेवढीच आहे. ५५ टक्केवाल्याला काहीच नाही. तडजोडीचा कागद समोर येतो ही देखील एक सोय आहे, एवढंच सुचवायचं होतं. सांजवातचा खांदा इथल्या साठ टक्क्यांच्या जवळपासही पोचला नसता.

परडीतली_फुलं
इथे लोक जिंकलेल्या गोष्टी सांगतायत, म्हणून मी हरलेली सांगते. माझ्या नवऱ्याचा दावा तक्त्यातल्या आजाराचा नव्हता, मज्जारज्जूचा दाह. तक्त्याबाहेरच्या दाव्याला २००५ च्या ऑल्थेन निकालाच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात: लसीमुळे असं होऊ शकतं याची वैद्यकीय मांडणी, या माणसात तसंच झालं याची सुसंगत साखळी, आणि काळाचं पटण्याजोगं अंतर. पारडं पिसाभर आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं म्हणतात. आमचं झुकलं नाही. सरकारी बाजूच्या तज्ज्ञाने आधीच्या विषाणूसंसर्गाकडे बोट दाखवलं आणि स्पेशल मास्टरला ते जास्त पटलं.

त्याआधी आम्हाला तडजोडीचा प्रस्ताव आला होता. छोटा होता. ‘आम्ही खरे आहोत, मग कमी का घ्यायचं’ म्हणून मीच नवऱ्याला अडवलं. आपण खरं असणं आणि कागदावर ते दिसणं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला तेव्हा कळलं नाही. वकिलांची फी योजनेतूनच गेली, कारण दावा प्रामाणिकपणे आणि आधारासह केलेला होता. नाहीतर घर विकायची वेळ आली असती.

आडवाट
परडीतली_फुलं, हे वाचून माझ्या वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. माझा आजार तक्त्यातला होता आणि घरच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं भक्कम होती. तेवढ्या बळावर मी थांबले होते. प्रत्येकाने थांबावं असं मला म्हणायचं नाही.

कोकणकडा
मीही वर घाईत लिहिलं होतं. टिपूर आणि परडीतली_फुलं यांचं वाचल्यावर कळतंय की ‘घ्या आणि मोकळ्या व्हा’ म्हणायला बाहेरच्या माणसाला काहीच लागत नाही.

दूरचा_दिवा
विषयांतराबद्दल क्षमस्व. कोविडच्या लसीचं कुठे जातं? माझ्या मेहुणीला विचारायचंय.

वादी_प्रतिवादी
दूरचा_दिवा, ती वेगळी योजना आहे आणि बरीच कडक: काउंटरमेझर्स इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम. लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज, यातनांबद्दल पैसे नाहीत, वकिलाची फी नाही, कोर्टाकडून निर्णय तपासून घ्यायची सोय नाही. सांजवात ज्या योजनेत आहेत तिथे पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि यातनांबद्दल अडीच लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. तारखा आधी तपासा, मुदत टळली की पुढचं सगळं फोल. आणि व्हेअर्समध्ये (लसीनंतरच्या त्रासांची माहिती गोळा करणारी सरकारी यंत्रणा) केलेली नोंद म्हणजे दावा नव्हे. पुष्कळ जण ती नोंद करून निर्धास्त बसतात.

रोखठोक
ऑटिझमचे दावेही मिटवले होते ना सरकारने? त्याचं काय?

स्टेथोस्कोप
नाही. पाच हजारांहून जास्त दावे एकत्र घेऊन नमुन्याची प्रकरणं चालवली गेली. २००९ आणि २०१० मध्ये निकाल लागले, सगळे दाव्याच्या विरोधात, आणि बरेच कडक शब्दांत. एका मुलीचा दावा खात्याने मान्य केल्याचं २००८ मध्ये उघड झालं, तो तिला आधीपासून असलेला मायटोकॉन्ड्रियाचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा) विकार लसीनंतर बळावल्याबद्दल होता. ‘लसीमुळे ऑटिझम होतो’ असं त्यातही कुठे मान्य केलेलं नाही. भरपाई म्हणजे शास्त्रीय शिक्का, हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं. पैसे मिळाले म्हणून कारण सिद्ध होत नाही आणि नाकारलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

रोखठोक
बरं. ऑटिझमचं मी फॉरवर्डवरून लिहिलं होतं, मागे घेतो. तो बाहीचा मुद्दा आमच्या घरी सांगितला मात्र आज.

आडवाट
सांजवात, मूळ प्रश्नाकडे येते. सही किंवा निकाल, या दोन्हींच्या मध्येही एक वाट आहे. दुखणं कधी सुरू झालं एवढ्याच मुद्द्यावर स्पेशल मास्टरकडून आधी निर्णय मागता येतो. तुमच्या वकिलांना विचारा. आणि त्या आठवड्यातले मेसेज शोधा. घरच्यांना, ऑफिसात, बहिणीला, कुणालाही. मी नवऱ्याला ‘जड पिशव्या तू आण, हात गेलाय’ असं पाठवलं होतं, ते कामी आलं.

सांजवात
शोधते. तेव्हाचा फोन बदललाय, पण बहिणीकडे असेल.

सांजवात
धागा वर काढतेय, सात आठवडे झाले.

बहिणीकडे सापडला. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा आवाजी मेसेज, एक मिनिट अकरा सेकंदांचा. त्यात मी भलतंच काहीतरी सांगतेय, भाचीच्या परीक्षेबद्दल, आणि मध्येच म्हणते, “थांब, फोन उजव्या हातात घेते, डावा वरच उचलत नाहीये कालच्या सुईपासून.” बास, एवढंच. मी तो पाच वेळा ऐकला. साडेतीन वर्षांपूर्वीचा माझा आवाज हसत होता, पुढे काय आहे याची त्याला कल्पना नव्हती.

वकिलांनी भाषांतर आणि बहिणीचं प्रतिज्ञापत्र जोडून पाठवलं. सर्जनचं पत्रही जोडलं, टिपूर, तुमच्यामुळे. सरकारी बाजूने दावा मान्य नाही केला, पण रक्कम वाढवली. आमच्या मागणीइतकी नाही, वकिलांच्या मते अशा खांद्यांना निकालात जे मिळतं त्याच्या बरीच जवळ. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे जुने निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यातले वीसेक मी स्वतः वाचले.

ते वाक्य मसुद्यात अजून तसंच आहे. पण त्याच्या वरच्याच परिच्छेदात ‘अर्जदाराचं म्हणणं आहे की लसीमुळे तिच्या डाव्या खांद्याला इजा झाली आणि तिचे परिणाम सहा महिन्यांहून जास्त टिकले’ असं माझंही म्हणणं आहे. आधी वाचताना माझी नजर त्यावर ठरलीच नव्हती, थेट खालच्या ओळीवर जाऊन थबकायची. परवा दोन्ही एकापाठोपाठ वाचली आणि सही केली.

परडीतली_फुलं
खूप बरं वाटलं. शांत झोप आता.

टिपूर
अभिनंदन म्हणू की नको कळत नाही, पण बरं झालं. मुलालाही सांगितलं.

वादी_प्रतिवादी
चांगलं झालं. एक लक्षात ठेवा: रकमेचा निर्णय निघाला की तो कोर्टाच्या संकेतस्थळावर नावासकट प्रसिद्ध होतो. वैद्यकीय किंवा खासगी तपशील झाकायचे असतील तर १४ दिवसांत अर्ज द्यावा लागतो. आणि निकालावर दाद मागणार नाही असं दोन्ही बाजूंनी मिळून लिहून दिलं की ३० दिवस थांबावं लागत नाही, पैसे लवकर सुटतात.

सांजवात
दाद मागणार नाही ते लिहून देणार आहोत. नाव झाकण्याबद्दल वकिलांनीही विचारलं होतं. नको म्हटलं, राहू दे. फिजिओच्या कालच्या मोजणीत हात एकशे पस्तीस अंशांपर्यंत गेला. वेणी अजून मुलगीच घालते.